भाकरीत गूळ नव्हता

ये गं, अशी जवळ बस. दारात नको, वारं लागतं. इथं माझ्या गुडघ्यापाशी ये. आणि तो मोबाईल आधी पालथा घाल. मागच्या खेपेला आलीस तेव्हा ओट्याला टेकून उभ्याउभ्या जेवलीस, ते मी बघितलं नाही असं वाटतंय तुला? घास तोंडात गेला की नाही तोवर पाणी, पाण्यामागून दुसरा घास, आणि मग छातीच्या मधोमध मूठ ठेवून म्हणालीस, "आजी, इथं काहीतरी अडकल्यासारखं होतंय." होणारच. दोन दिवसांसाठी आलेल्या नातीला ताटावर बोलू नये म्हणून तेव्हा गप्प बसले. आता लिहायला बसलेच आहे तर बोलून घेते. तू समोर आहेस असं धरूनच मी लिहिते, दुसऱ्या तऱ्हेनं मला लिहिता येत नाही.

ती मूठ तू जिथं ठेवलीस ना, अगदी तिथंच तुझे आजोबा ठेवायचे. आणि एके काळी तेही उभ्यानंच जेवायचे. त्यांना तुझ्यासारखी घाई नव्हती, कारण निराळंच होतं. ऐकलंस तर हसशील. तेव्हा मात्र आमच्या घरात कोणी हसत नव्हतं.

सत्तर सालानंतरची गोष्ट आहे. आम्ही भिवंडीत नवे होतो. त्यांचं गाव आत, दिघाशीच्या बाजूला. गावी भाताचं शेत अर्धेलीनं दिलेलं, घरात एक म्हैस आणि माझ्या सासूबाई, म्हणजे तुझी पणजी. आजोबा इथं कारखान्यात लूम चालवायचे आणि आम्ही कारखान्याच्या पाठच्या चाळीत एका खोलीत राहायचो. भिंतीपलीकडे दिवसरात्र लूम. त्यांच्या हादऱ्यानं मांडणीवरची भांडी आपोआप पुढे सरकत यायची. संध्याकाळी दिवा लावला की मी ती मागे ढकलायची, जशी कोंबडी खुराड्यात ढकलावी तशी. पाहुण्यांना हे सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

मला ती खोली आवडायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. चाळीत नळ होता. पाण्यासाठी लांब जायला नको. तुझी आई तेव्हा लहान, तिला गल्लीच्या टोकाच्या बालवाडीत सोडायला मी जायची आणि परत यायचं सोडून पायरीवरच बसून राहायची. आत बाई पोरांना 'क कमळाचा' शिकवायच्या, बाहेर मी शिकायची. तुझ्या आईच्या आधी मला जोडाक्षरं आली. मग दुकानांच्या पाट्या वाचत घरी यायची, मोठ्यानं. वाणी म्हणायचा, "वहिनी, रोज तीच पाटी आहे, बदललेली नाही."

तर आजोबा. लुमावर जेवायची अशी वेगळी सुट्टी नसायची. लूम बंद ठेवला तर तेवढं कापड कमी. मग शेजारच्या लुमांवर उत्तरेकडचा एक कारागीर होता, सगळे त्याला चाचा म्हणायचे, तो तेवढा वेळ आजोबांचे लूम बघायचा. आजोबा डबा उघडायचे, भाकरीचे मोठे मोठे तुकडे करून आमटीत बुडवून तोंडात टाकायचे, न चावता गिळायचे, आणि घसा अडला की वर पाणी ओतायचे. एक डोळा डब्यावर, एक लुमावर. डबा रिकामा झाला की गुंडाळलेल्या ताग्यांवर पाठ टेकून जरा आडवे व्हायचे, आणि पुन्हा उभे. घरी आले की भुवयांवर, मिशीवर रुईची, म्हणजे कापसाची, पांढरी तुसं. तुझी आई लहानपणी म्हणायची, बाबा म्हातारे होऊन येतात आणि आंघोळ करून परत तरुण होतात.

असं बरेच महिने चाललं आणि मग ते अडकणं सुरू झालं. घास गिळला की छातीत मधेच थांबल्यासारखा वाटायचा. वर जळजळ, आंबट ढेकर, पुढे वाकले की घशाशी तिखट पाणी. चाचानं निदान करून टाकलं. "भैया, रुई है. महीनों से निगल रहे हो. पेट में गोला बन गया है. गुड़ खाओ, सब खींच लेगा."

कारखान्यात सगळेच हे मानायचे. रुई पोटात जाते, तिथं तिचा बोळा होतो, आणि गूळ तो बोळा चिकटवून खाली घेऊन जातो. आमच्या घरी गुळाची ढेप आली. आजोबा येता-जाता खडा तोंडात टाकायचे. जळजळ वाढली. जळजळ वाढली म्हणजे बोळा सुटतोय, असं चाचा म्हणाला. मग आणखी गूळ.

गुळानं भागेना तेव्हा त्यांनी स्वतःचं डोकं लढवलं. गावी भाताची गोणी भरताना बघितलं आहेस का? गोणी भरत आली की तिचे दोन कान धरून ती जमिनीवर आदळतात, म्हणजे दाणे खाली बसतात आणि वर जागा होते. लहानपणापासून त्यांनी हेच केलेलं. त्यांनी स्वतःला गोणी केलं. ताट मांडणीवर ठेवायचे, उभे राहून घास गिळायचे, आणि टाचा उचलून धप्प करून खाली आदळायच्या. घास, धप्प. घास, धप्प. खालच्या खोलीतली शेजारीण वर येऊन विचारून गेली, "काय कांडताय का हो?"

मी म्हटलं, "अहो, बसून तरी जेवा."

"बसलं की नळी दुमडते," ते म्हणाले. "दुमडल्या नळीतून बोळ्यावरनं घास उतरणार कसा? सरळ उभं राहिलं की सरळ पडतो."

त्यांच्या डोळ्यांपुढे विहीर होती. वरून घास सोडायचा, तो जाऊन खाली पडतो. मधे कचरा अडकला तर पडत नाही. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला सांगू. घास तोंडातून पोटात पडतो, पोटात आग असते, ती त्याला शिजवते. माझी आईसुद्धा हेच सांगायची.

हळूहळू भाकरी सुटली. फक्त पेज. सकाळी पेज, संध्याकाळी पेज, सदरा खांद्यावरून उतरायला लागला. आणि एक दिवस पेजेची वाटी खाली ठेवून ते म्हणाले, "भात कापायला जाऊ ना गावी, तेव्हा आईला सांगून टाकतो. आता लूम बास. रुई पोटात घेऊन मरायचं नाही. तिकडंच राहू."

माणूस वाळत चाललेला. त्याच्यापुढे माझा नळ आणि बालवाडीची पायरी काय मोठी? पण मांडणीवरची भांडी त्या दिवशी मी जरा जोरानंच ढकलली. एवढंच म्हणाले, "जाण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवू. मग तुम्ही म्हणाल तसं."

डॉक्टर वयस्कर होते, चष्मा कपाळावर ठेवायचे आणि मग शोधायचे. त्यांच्या दवाखान्यात भिंतीवर माणसाचा एक रंगीत तक्ता होता, पोट उघडलेला. आमचा नंबर येईपर्यंत मी तो वाचून काढला. मुख. अन्ननलिका. जठर. लहान आतडे. 'जठर' वाचलं आणि मला बरं वाटलं, ओळखीचं कोणीतरी भेटल्यासारखं. जठराग्नी म्हणतात तो हाच. पण चित्रात आग कुठं काढलेली नव्हती. गुलाबी रंगाची एक वाकडी पिशवी, दुधी भोपळा मधेच वाकावा तशी.

डॉक्टरांनी पोट दाबलं, सगळं विचारलं, आणि ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात फोटो काढायला पाठवलं. उपाशीपोटी पांढरं, खडू कालवल्यासारखं औषध प्यायला देतात आणि ते उतरताना फोटो घेतात. आजोबा ते नाक धरून प्यायले. तो फोटो घेऊन आम्ही परत आलो. डॉक्टरांनी तो खिडकीपाशी उजेडाला धरला. काळ्या कागदात एक पांढरी नळी, तिच्याखाली तोच वाकडा दुधी भोपळा. आपल्या नवऱ्याचं पोट असं बघायला मिळणारी चाळीतली मी पहिलीच असेन.

"बोळा नाही," डॉक्टर म्हणाले. "गाठ नाही. रस्ता साफ आहे. रुई तुम्ही गिळता ती निघून जाते. नाकातून छातीत जाते ती वाईट, त्यासाठी तोंडाला फडकं बांधा. पोटात काही नाही."

आजोबांनी फोटो बराच वेळ बघितला. मग अदबीनं म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रुई पांढरी. तुमचं औषध पांढरं. फोटोतबी सगळं पांढरंच आलंय. पांढऱ्यात पांढरं दिसणार कसं?"

डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा शोधला, सापडला, घातला, आणि आजोबांकडे नीट बघितलं. जन्मात कोणी त्यांना असं विचारलं नसेल. चिडले मात्र नाहीत. म्हणाले, "बोळा असता तर औषध त्याच्या कडेनं वळसा घालून गेलं असतं, तेवढी जागा काळी दिसली असती." आजोबांनी मान हलवली. ती मान पटल्याची नव्हती, मला माहीत होती.

मग मीच विचारलं, बोळा नाही तर अडकतं काय? आणि डॉक्टरांनी मला समजावलं, खरं तर मलाच, कारण आजोबा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, घास पडत नाही हो वहिनी, तो ढकलला जातो. नळी मागून आवळते आणि पुढे सैल होते, आवळते आणि सैल होते, अशी लाट खालपर्यंत जाते. लाट निम्म्यात असताना दुसरा घास गिळला की नळी पहिली लाट सोडून देते आणि नव्याच्या तयारीला लागते. तिसरा गिळला की दुसरी सोडते. मग घास मधेच ताटकळतात, तेही न चावलेले, आडवेतिडवे. हे झालं अडकणं.

"आणि आग?" मी विचारलं.

"आग नाही, आंबट पाणी. फार कडक. पोट ते स्वतःच करतं आणि स्वतःला भाजू नये म्हणून आतून बुळबुळीत अस्तर लावून घेतं. नळीला तसं अस्तर नाही. दोघांच्या मधे एक दार आहे. भरल्या पोटी आडवं झालं की पाणी त्या दाराशी येतं, दार जरा ढिलं असलं की वर. मग जळतं."

मला ते ताग्यांवर पाठ टेकणं आठवलं. डॉक्टर पुढे सांगत होते, पोट घास घुसळतं, ताक घुसळावं तसं, त्या आंबट पाण्यात घुसळून घुसळून त्याची पेज करतं, आणि ती पेज खालच्या दारातून थोडी थोडी आतड्यात सोडतं. एकदम नाही. पण पोटात दात नसतात. तोंडानं जे काम टाळलं ते पोटाच्या गळ्यात पडतं.

गोळ्या मिळाल्या. गूळ बंद, जेवून आडवं होणं बंद, चावून खायचं. बाहेर आल्यावर आजोबा म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण घास ढकलला जातो म्हणे. मग आपण पाय खाली कशाला ठेवतो आणि डोकं वर?"

गोळ्या घेतल्या, गूळ सोडला, जळजळ कमी झाली. पण पेज सोडेनात, आणि उभं राहणंही. त्यांच्या मते बोळा आहेच, तो फोटोत आला नाही, एवढंच. भात कापायचे दिवस आले आणि आम्ही गावी गेलो.

सासूबाईंनी मागची खोली शेणानं सारवून ठेवली होती. आमच्यासाठी. कोणीतरी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर आजोबांनी आधीच निरोप धाडला होता, हे मला तिथं कळलं. खोलीत नवी सुंभाची दोरी बांधलेली, कपडे टाकायला. सासूबाई मला म्हणाल्या, "हितं काय कमी हाय? पोरीला साळा तितं हाय तशी हितंबी हाय." मी हो म्हटलं आणि त्या दोरीवर माझं लुगडं टाकलं.

सकाळी आजोबा अंगणात दगडी डोणीपाशी उभे राहून पेज पीत होते. घोट, धप्प. घोट, धप्प. सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांनी हे पहिल्यांदाच बघितलं.

"काय रे, पायाखाली विंचू हाय का?"

"न्हाय आई. पेज खाली उतरवतोय."

"मंग ती तुजी पेज जाते कुटं, टाचंत?"

इतक्यात सासूबाईंनी म्हैस सोडली. म्हैस डोणीवर आली, मान खाली घालून तोंड पाण्याला लावलं आणि प्यायला लागली. निवांत. मानेखालून पाण्याचा एकेक घोट वर चढताना दिसत होता, कातडीखालून बेडूक सरकावा तसा. वर. खाली नाही, वर.

आजोबांच्या हातात वाटी तशीच राहिली. ते डोणीच्या या बाजूनं बघून आले, मग त्या बाजूनं. खाली बसून मानेखालून बघितलं. म्हणाले, "अगं, हिचं तोंड खाली आणि पोट वर."

"मग?" मी म्हटलं.

"मग पाणी पडतंय कुठं? पाणी चढतंय."

आयुष्यात जिथं जिथं मी गप्प बसले आणि माझं भलं झालं, त्यातली ही एक जागा. त्यांनी पेजेची वाटी जमिनीवर ठेवली, दोन पायांवर बसले, डोकं खाली घालून वाटीला तोंड लावलं, आणि कंबर वर करून म्हशीसारखा एक घोट ओढला. थांबले. छातीवर हात ठेवला. आणि उलट्या तोंडानंच म्हणाले, "चढली."

सासूबाई दाराची चौकट धरून मटकन बसल्या. "देवा रे. आता काय दावणीला बांधू याला?"

ते उठले, कपाळाला पेज लागलेली. आणि मग जे बोलले ते डॉक्टरांनी सांगितलेलंच, पण त्यांच्या भाषेत. "म्हणजे घास लुमातल्या धोट्यासारखा आहे. आडवा धागा घेऊन धोटा या टोकाकडनं त्या टोकाला गेला, की मग परतीची फेक. तो मधे असताना दुसरी फेक मारली तर काय होईल? धागे तुटतील, धोटा अडकेल, लूम बंद. माझ्या लुमावर मी हे कधी करत नाही." मग कपाळ पुसत म्हणाले, "डब्यावर करतो."

"भाकरी करू?" मी विचारलं.

"एक कर."

तांदळाच्या पिठाची भाकरी, सुकटीची चटणी तोंडी लावायला, पण ती त्यांना नको होती, नुसती कोरडी भाकरी दे म्हणाले. मी चुलीपुढे पाट मांडला. ते पाटाकडे बघत उभे राहिले. बसले. एवढासा तुकडा तोडला, तोंडात घातला आणि चावत राहिले. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या, मी तव्यापाशी. चावतायत, चावतायत. गिळला. डोळे मिटून त्याच्या मागोमाग आत गेल्यासारखे बसून राहिले. मी पुढची भाकरी थापायची विसरले. मग त्यांनी दुसरा तुकडा तोडला. दुसऱ्यानंतर तिसरा. मूठ छातीवर गेली नाही.

अर्धी भाकरी झाली आणि त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. "यात गूळ घातलास का?"

"मी? नाही हो."

"डॉक्टर नको म्हणालेत ना? भाकरी गोड लागतेय."

सासूबाईंनी एक तुकडा तोडून तोंडात टाकला, गिळला. "गोड कुटं? रोजच्यासारखी तर हाय."

"आई, अशी नाही. चाव. अजून चाव."

त्या चावत राहिल्या. मीही एक तुकडा घेतला. आम्ही तिघंही चुलीभोवती चावत बसलो, शेजारी रवंथ करणाऱ्या म्हशीसारखे. आणि खरंच गं, नुसती तांदळाची भाकरी, पण चावत गेलं की तोंडात हळूहळू गोड होत जाते. पुढे मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, लाळेचं काम ते, पिठातली साखर तोंडातच सुटायला लागते, तिथूनच पचन सुरू होतं. आम्ही एवढी वर्षं भाकरी खाल्ली, पण ती गोड होईपर्यंत तोंडात कधी ठेवलीच नव्हती.

सासूबाईंना शेवटी चव लागली. त्यांनी गिळलं आणि हळूच म्हणाल्या, "म्हंजे तुला काय झालेलं न्हाय."

"नाही."

"म्हंजे तू परत जानार."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी तव्याकडे बघितलं. ते म्हणाले, "लूम आवडतो गं आई मला. रुईची भीती बसली होती, म्हणून सोडत होतो."

सासूबाई उठून मागच्या खोलीत गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या. त्या ती नवी दोरी सोडून, गुंडाळून घेऊन आल्या आणि माझ्या पिशवीत टाकली. "तुमच्या खोलीला लाव. आनि भाताची मळनी झाली की मी येते. हा चावतो का गिळतो, मला बघायचंय."

आणि आल्या खरंच, तांदळाचं गाठोडं घेऊन. भांडी मांडणीवर सरकताना बघून पहिल्या दिवशी त्यांनी देवाचं नाव घेतलं, दुसऱ्या दिवसापासून त्याच ती मागे ढकलायला लागल्या. कारखान्यात आजोबा आणि चाचानं ठरवून घेतलं, आधी एकानं सावकाश जेवायचं, मग दुसऱ्यानं, आणि ताग्यांवर कोणी पाठ टेकायची नाही. दोघंही तोंडाला फडकं बांधायला लागले. म्हशीची गोष्ट ऐकून चाचा म्हणाला होता, "भैंस की बात अलग है." पण चावायला लागला. त्याचा गूळ काही सुटला नाही. चहाबरोबर खातो, औषध म्हणून नाही, असं सांगायचा. सासूबाई जेवणाच्या वेळी समोर बसून आजोबांच्या जबड्याकडे बघायच्या. आजोबा म्हणायचे, "आई, दुसरीकडं बघ, मला लाज वाटते." मी बालवाडीच्या पायरीवर बसत राहिले, आणि म्हणून तर मला हे तुला लिहिता येतंय.

आजोबा म्हशीचा फार मान ठेवायचे पुढे. फक्त एक गोष्ट त्यांना खटकायची. म्हणायचे, ही घाईघाईत गिळते आणि मग सावलीत बसून परत काढून चावते, आपल्याला ती सोय नाही. आपल्याला पहिल्या वेळीच चावायला लागतं.

ती सोय तुलाही नाही, बाई. नवा तांदूळ आला आहे, पीठ दळून ठेवलं आहे. पाट माळ्यावर होता तो काढून पुसला. येताना घाईची कामं तिकडंच ठेवून ये, आणि मी समोर बसून तुझ्या जबड्याकडे बघत राहिले तर रागावू नकोस, ते आमच्या घरात चालत आलेलं आहे. भाकरी गोड झाली की सांग, मग दुसरा घास तोड. लवकर ये.